साठ पावलांपलीकडची फाईल

मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. ठिकाण, मोठ्या रुग्णालयाचा डोळ्यांचा विभाग, तळमजला, खिडकी नंबर तीन. हजर माणसं दोन, खिडकीवरचे कारकून आणि फरशी पुसणाऱ्या बाई. त्या वेळी एक गुलाबी चिठ्ठी माझ्या आतल्या खिशात सरकवली गेली आणि मला कपाटात उभं करण्यात आलं. घटना एवढीच. तिचा आवाजसुद्धा झाला नाही.

मी त्या विभागाची फाईल आहे, क्रमांक चार हजार चारशे सतरा. आजवर माझ्यावर लोकांनी लिहिलं, माझ्यातलं वाचलं, माझ्यावर चहाचे कप ठेवले. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. आता चौकशी लागली आहे आणि जो तो आपापली बाजू मांडतोय. मग मीच का गप्प बसू?

माझा जन्म छापखान्यातला. खाकी पुठ्ठ्याचा एक मोठा ताव यंत्राखाली गेला आणि त्याच्यातून आम्ही आठजणी कापून निघालो. मधोमध घडी, वर दोन भोकं, आत कागद ठेवायला तिरका खिसा. मग एका माणसाने चौघींच्या कोपऱ्यावर निळा ठिपका मारला आणि चौघींच्या कोपऱ्यावर हिरवा. निळ्या डोळ्यांच्या विभागात जायच्या, हिरव्या कानाच्या. एका तावातल्या बहिणी दोन गठ्ठ्यांत बांधल्या गेल्या. आमच्या पाठीवर एकच शिक्का बसला : फाईल विभागाबाहेर नेऊ नये.

हा शिक्का कुठून आला ते मी खिडकीवरच्या गप्पांतून ऐकलं. पूर्वी पेशंट स्वतःची फाईल काखेत मारून इकडून तिकडे फिरत. कुणाची हरवे, कुणाची भिजे, एकाने तर घरी नेऊन तिच्यावर गाद्या ठेवल्या होत्या. तक्रारी वाढल्या तेव्हा वरच्या साहेबांनी फर्मान काढलं की ज्या विभागाची फाईल त्याच विभागात राहील. एका विभागाला दुसऱ्याचा सल्ला हवा असेल तर गुलाबी चिठ्ठी लिहायची. दुपारी तीन वाजता टपालाचा शिपाई येईल, चिठ्ठ्या गोळा करील आणि पोचवील. पलीकडचा विभाग मग पेशंटला फोन करून बोलावील. कागदावर सगळं चोख होतं.

दुसरा एक नियम होता, तो कुठेच लिहिलेला नव्हता. फाईल टेबलावर असेल तर काम बाकी आहे, कपाटात असेल तर काम संपलं. खिडकीवर येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या दिवशी हेच शिकायचा. सव्वाचारला टेबल रिकामं दिसलं पाहिजे, नाहीतर विभागाच्या मोठ्या मॅडम बोलतात, हेही तो त्याच दिवशी शिकायचा. हे दोन नियम एकत्र ठेवले तर काय होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी कोरी होते तेव्हा ती आली. चौतीस-पस्तिशीची, उंच, नखांच्या कडांना मशीनच्या तेलाचा काळा रंग. कपड्यांच्या कारखान्यात बेचाळीस शिलाई मशीन होत्या आणि त्या सगळ्यांची ही एकटी डॉक्टर. सगळे तिला फिटरबाई म्हणत, घरातसुद्धा. सासूबाई बरोबर होत्या. कारकुनांनी माझ्यावर तिचं नाव लिहिलं, मला तिच्या हातात दिलं आणि मी पहिल्यांदा कुणाच्या मांडीवर बसले.

बाकावर तीन तास काढले आम्ही. फाईलचं सगळं सुख त्या तीन तासांत असतं, हे मला तेव्हा कळलं नाही. तिचा अंगठा माझ्या कडेवरून सारखा फिरत होता, एखाद्या पट्ट्याचा ताण तपासावा तसा.

शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "डोळ्यापुढचा तुकडा जातो म्हणते. आणि कान. गंमत बघा, माझं हिला सगळं ऐकू येतं, पोरीचं येतं, नवऱ्याचं तेवढं येत नाही."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"अकरा."

"मग तो आजार नव्हे हो! आम्हाला पाचव्या वर्षीच येईनासं झालं." अख्खा बाक हसला. फिटरबाईही हसली, पण तिचा अंगठा थांबला.

"तसं नाही," ती म्हणाली. "त्यांचा आवाज मुळातच खाली लागतो. ढोलीतून आल्यासारखा. शाळेची बस चालवतात, पोरं त्यांना भुंगाकाका म्हणतात. आता तोंड हललेलं दिसतं आणि भुंगा कुठे गेला कळत नाही. कारखान्यातही तसंच. मोटरची घरघर येत नाही, सुईची टकटक येते. आधी मला वाटलं मोटरी सुधारल्या."

"कानाच्या विभागात गेली होती," सासूबाईंनी सांगितलं. "तीन आठवडे झाले. चक्करच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी या म्हणाले. आणि हे विसरणं निराळंच. परवा हिचा स्क्रू ड्रायव्हर पिठाच्या डब्यात सापडला."

"आई, ते कशाला सांगता सगळ्यांना?"

"सगळ्यांना कुठे? या एकट्याच विचारताहेत."

आत एक तरुण डॉक्टर होत्या. शिकाऊ, पण कामाला वाघीण. इतर लोक डोळा बघतात, त्या माणूस बघत. त्यांनी फिटरबाईच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबल्या आणि मग भिंगातून इतका वेळ पाहत राहिल्या की दाराशी रांग कुरकुरली. नंतर हातातून रंगाचं इंजेक्शन देऊन डोळ्याच्या आतले फोटो काढायला पाठवलं.

"फोटो डोळ्याचा आणि सुई हाताला?" सासूबाईंचा संशय.

"आजी, सगळ्या वाटा एकमेकींना मिळतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे वाक्य मी पुढे फार वेळा आठवलं.

तो फोटो माझ्यात लावला गेला. नारिंगी जमीन आणि तिच्यावर तांबड्या फांद्या, पानगळीतल्या झाडासारख्या. खालच्या बाजूची एक बारीक फांदी मधेच थांबलेली होती आणि तिच्यापुढची जमीन फिकट पांढरी पडली होती. फिटरबाईच्या नवऱ्याने तिचे पुष्कळ फोटो काढले असतील, पण हा त्याने पाहिलेला नाही. तिच्या आतलं हे झाड माझ्या पोटाशी राहिलं.

"वय कमी, साखर नाही, ब्लडप्रेशर नाही," डॉक्टरीणबाई स्वतःशीच बोलत होत्या. "मग ही फांदी बंद का झाली?" त्या फिटरबाईच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या आणि फिटरबाई प्रत्येक प्रश्नाला मान वळवून उजवा कान पुढे करत होती. ते त्यांच्या लक्षात आलं. "कानाचं कधीपासून? डोकं दुखतं? विसरायला होतं?"

तीनही उत्तरं मिळाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कागदावर तीन गोल काढले, डोळा, कान, मेंदू, आणि तिघांना जोडणारी एक रेघ.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. शरीराची स्वतःची राखण करणारी फौज कधी कधी उलटते आणि त्यांनाच सुजवते. मग त्या बुजतात. जिथे बुजतात तिथला तुकडा उपाशी मरतो. डोळ्याच्या पडद्यावर बुजली की दिसण्यातला तुकडा जातो, कानाच्या आतल्या शंखात बुजली की आधी खालचे आवाज जातात. मला खात्री नाही, आजार फार दुर्मीळ आहे. पण तसं असेल तर घाई हवी."

"औषध आहे?" फिटरबाईने विचारलं.

"आहे. गेलेलं सगळं परत येत नाही. राहिलेलं मात्र वाचवता येतं."

"राहिलेलं वाचवा," ती म्हणाली. "उजव्या कानाने ते अजून थोडे येतात. उशीला डावा कान लावून झोपते मी, म्हणजे त्यांचं बोलणं उजव्यात पडतं."

तिचं मागणं एवढंच होतं, आणि माझ्यादेखत केलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या मॅडमना दाखवलं. मॅडम घाईत होत्या. "कानाच्या रिपोर्टशिवाय कशाच्या जोरावर एवढी जबरदस्त औषधं चालू करणार? चिठ्ठी लिही." डॉक्टरीणबाईंनी लिहिली. डोळ्यातली लहान धमनी बंद, कानाचा त्रास, एकच आजार असण्याची शंका, तातडीने श्रवणचाचणी आणि सल्ला. "तातडीने" खाली दोन रेघा. वेळ टाकली, तीन पन्नास.

"दोन-तीन दिवसांत कान विभागाचा फोन येईल," त्यांनी फिटरबाईला सांगितलं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सोसत नव्हता, तरी ती हात जोडून हसली आणि सासूबाईंचा दंड धरून गेली. जाताना तिने मला खिडकीवर परत दिलं. विभागाबाहेर नेता येत नव्हतं ना.

कानाचा विभाग त्याच तळमजल्यावर आहे. आमच्या दारातून निघून औषधांच्या खिडकीवरून डावीकडे वळायचं. साठ पावलं. फरशी पुसणाऱ्या बाई रोज दोन्हीकडे जातात, त्या मोजून सांगतात. साठ पावलांच्या त्या टोकाला माझीच बहीण, हिरव्या ठिपक्याची, फिटरबाईच्या नावाची, कुठल्यातरी कपाटात उभी होती. तिच्यात अर्धी गोष्ट होती, माझ्यात अर्धी.

टपालाचा शिपाई तीनला येऊन गेला होता. चार वाजून दहाला कारकून आवरायला लागले. चिठ्ठी हातात घेऊन एकदा दाराकडे बघितलं. "उद्याच्या टपालात देऊ," ते फरशी पुसणाऱ्या बाईंना म्हणाले. "इथे ठेवली तर पंख्याने उडेल." त्यांनी ती जपून ठेवली, माझ्या खिशात. टेबल रिकामं केलं आणि मला कपाटात उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांना खिडकी नंबर सातवर बसवलं. डॉक्टरीणबाईंची पाळी पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या इमारतीत लागली.

आता कपाटातलं जगणं ऐका. खिडकीच्या मागेच आमचं कपाट. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. दर वेळी खिडकीचा सरकता दरवाजा वाजला की मी कान टवकारायची. फाईलला कान नसतात म्हणाल. नसतील, पण त्या दिवसांत मला दुसरं काही नव्हतंच.

दहाव्या दिवशी ती आली. "दादा, कान विभागाचा फोन आला नाही अजून."

नव्या कारकुनांनी टेबलावरचा गठ्ठा चाळला. "नंबर? चार हजार चारशे सतरा... टेबलावर नाही. म्हणजे कपाटात आहे. म्हणजे तुमचं इकडचं काम झालंय, ताई. चिठ्ठी गेली. येईल फोन."

"मीच जाऊन विचारू का तिकडे?"

"चिठ्ठी तिकडे पोचून तिच्यावर नंबर पडल्याशिवाय ते घेणार नाहीत. उगाच हेलपाटा."

ती तरीही गेली म्हणे. तिकडच्या खिडकीने सांगितलं की तुमची तारीख तीन महिन्यांनी आहे, चिठ्ठी आमच्याकडे आलेली नाही, डोळ्यांकडे विचारा. हे ती परत येऊन सांगत होती तेव्हा इकडच्या खिडकीने सांगितलं की इथून गेली आहे, कानाकडे विचारा. दोन्ही खिडक्या आपापल्या परीने खरं बोलत होत्या. मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते, माझ्या खिशात तो गुलाबी कागद टोचत होता, आणि मला तोंड नव्हतं.

एकोणतिसाव्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली. तिचा आवाज ऐकून मी दचकले. ती ओरडत होती. रागाने नाही, ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो तसा बोलतो. "दादा! माझी फाईल! एकदा काढून बघता का!"

"बाई, हळू बोला, आम्ही बहिरे नाही," नवे कारकून म्हणाले. रांगेत कुणीतरी हसलं.

मग तो बोलला, भुंगाकाका. मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. खोल, शांत, लाकडी पेटीतून यावा तसा. "साहेब, ती बहिरी होत चाललीय, म्हणूनच आलोय. रोज मला म्हणते, बोला ना. मी बोलतच असतो."

कारकून जरा वरमले. "फाईल कपाटात आहे, दादा. पेंडिंग असती तर टेबलावर असती. मी आणखी काय करू सांगा?"

मला बाहेर काढा, खिशात हात घाला, एवढं करायचं होतं. तीन हातांचं अंतर.

ती काय बोलणं झालं ते विचारत होती. "काय म्हणाले? अहो, काय म्हणाले?" आणि तो सांगत होता, पुन्हा सांगत होता, आणि तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. शेवटी त्याने बहुधा हाताने खूण केली असावी. दोघांची पावलं दूर गेली.

पंचेचाळिसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साडेअकराला, कपाट धाडकन उघडलं. फिटरबाईला कारखान्यातून थेट तातडीच्या विभागात आणलं होतं. उभ्या उभ्या कोसळली, मग लेकीचं नाव आठवेना, दोन्ही डोळ्यांपुढचे तुकडे गेलेले, डावा कान संपूर्ण बंद. तिथे त्या दिवशी कोण होत्या? त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी नाव ओळखलं आणि स्वतः धावत आल्या. मला उपसून उघडलं तशी चिठ्ठी खाली पडली.

त्यांनी ती उचलली. स्वतःचं अक्षर वाचलं. स्वतःच मारलेल्या दोन रेघा बघितल्या. मग त्यांनी मला छातीशी धरलं आणि निघाल्या.

"डॉक्टर, फाईल विभागाबाहेर..." कारकुनांनी सवयीने सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा!" त्या म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

औषधांच्या खिडकीवरून डावीकडे. माझं आयुष्यातलं पहिलं चालणं. कान विभागाच्या टेबलावर त्यांनी मला आडवं टाकलं आणि माझ्या शेजारी हिरव्या ठिपक्याची फाईल आणून ठेवली. ती पातळ होती, दोनच पानं. त्यातल्या एका पानावर श्रवणचाचणीचा आलेख होता, दोन महिन्यांपूर्वीचा. रेघ डावीकडे, खालच्या आवाजांच्या बाजूला, खोल बसलेली. म्हणजे चाचणी आधीच झालेली होती! जो पुरावा माझ्या विभागाला हवा होता, तो साठ पावलांवर तयार पडून होता. कानाच्या मोठ्या डॉक्टरांनी आलेख पाहिला, माझ्यातला फोटो पाहिला, पुन्हा आलेख पाहिला. मेंदूच्या तपासणीचे फोटो तासाभरात आले, त्यात मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या मधल्या पुलाला बारीक बारीक भोकं. दोन फाईली शेजारी ठेवल्यापासून निदानापर्यंत सगळे मिळून सत्तर मिनिटं गेली.

सत्तर मिनिटांच्या कामाला पंचेचाळीस दिवस लागले. पुढे सगळ्यांनी "चूक झाली" असं म्हटलं. अंगणात पाऊस झाला म्हणतात तसं. कुणी केली, हे त्या वाक्यात बसतच नाही.

औषध शिरेतून सुरू झालं. आठवड्याभरात तिचं विसरणं कमी झालं, लेकीचं नाव परत आलं. नजर जेवढी होती तेवढ्यावर थांबली. डावा कान गेला तो गेला. उजव्या कानात वरचे आवाज उरले, चमचा पडल्याचे, लेकीच्या हाकेचे. खालचे गेले. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या की राहिलेलं वाचवता येतं. राहिलेलं होतं तेव्हा मी कपाटात होते.

त्या दिवसांत मी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेली असायची. हिरवी बहीण माझ्या शेजारी, एकाच दोरीला. रोज दुपारी भुंगाकाका बस उभी करून यायचा. एकदा काय झालं, तो आला आणि बारीक, चिरका आवाज काढून बोलायला लागला. "अगं, कशी आहेस? जेवलीस का?" शेजारच्या पलंगावरच्या आजीबाई फिसकन हसल्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, हे काय सोंग?"

"हिला असंच ऐकू येतं, आई. डॉक्टर म्हणाले वरच्या पट्टीत बोला."

फिटरबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला ऐकू आलं होतं, प्रत्येक शब्द. "जेवले," ती म्हणाली. मग तिने त्याला खुणेने बसवलं. "हा कोण बोलतोय मला माहीत नाही. तुम्ही बोला. तुमच्या आवाजात."

"तुला येणार नाही गं."

"बोला तर."

तिने तळवा त्याच्या छातीवर ठेवला, गळ्याच्या जरा खाली, आणि बोटं पसरली. बिघडलेल्या मशीनच्या अंगावर ती अशीच बोटं ठेवत असणार. तो बोलायला लागला. काय बोलला ते मी सांगणार नाही, ते तिच्यासाठी होतं आणि तिला ते शब्दांत मिळालंच नाही. ती डोळे मिटून थरथर वाचत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मोटर चालू आहे. बोलते काय, ते कळत नाही." आणि मग रडली, तेव्हा सासूबाई पलीकडे तोंड करून पाण्याची बाटली भरायला निघून गेल्या. बाटली भरलेलीच होती.

ती घरी गेली त्या दिवशी मला वाटलं, आता दर महिन्याला भेटू. बाक, तीन तास, तिचा अंगठा. पण त्याच दिवशी चौकशी लागली आणि पुरावा म्हणून मला जप्त केलं.

चौकशीच्या खोलीत मी टेबलाच्या मधोमध होते. पहिल्या कारकुनांनी सांगितलं, मी जपून ठेवली, मग माझी खिडकी बदलली. नव्यांनी सांगितलं, कपाटातल्या फाईली उघडून बघायच्या असं मला कुणी शिकवलं नाही. टपालाच्या शिपायाने सांगितलं, मी तीनला येतो, चिठ्ठी तीन पन्नासची आहे, वेळ बघा. मोठ्या मॅडमनी सांगितलं, प्रक्रिया पाळली गेली आहे. एकट्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी लिहिली. पोचली का हे मी बघितलं नाही. साठ पावलं मलाही चालता आली असती." त्यांचं हे एक वाक्य तेवढं लेखनिकाने तातडीने टिपून घेतलं. चौकशीवाल्यांना कबुली मिळाली की किती हुरूप येतो ते मी पाहिलं.

आता मी चौकशीच्या साहेबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे. फिटरबाईला नवी फाईल दिली आहे, कोरी, निळ्या ठिपक्याची. तिच्यात तो फोटो नाही, डॉक्टरीणबाईंनी काढलेले तीन गोल नाहीत. नव्या डॉक्टरांनी तिला विचारलं म्हणे, "हे कधीपासून होतंय?" आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. हे मला जुन्या फाईली सांभाळणाऱ्या रेकॉर्डच्या ताईंकडून कळलं. त्याच ताई दर सोमवारी या खोलीत येतात, आणि का येतात ते सांगून मी थांबणार आहे.

मला पुन्हा तिच्या मांडीवर बसायचं आहे, हे खरं. मला माझ्या हिरव्या बहिणीशेजारी एकाच दोरीला राहायचं आहे. पण ते राहू द्या. फाईलच्या हुरहुरीला कोण विचारतो? ताईंचं ऐका.

माझी चिठ्ठी सापडल्यावर रेकॉर्डच्या ताईंना झोप लागेना. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी चार दिवस बसून खिडकी नंबर तीनच्या कपाटातली प्रत्येक फाईल उघडली, प्रत्येक खिशात हात घातला. गुलाबी चिठ्ठ्या अजून सात निघाल्या. सात फाईली, सात पेशंट. चिठ्ठ्या कुठल्या कुठल्या विभागांना लिहिलेल्या, तीन चिठ्ठ्यांवर "तातडीने" लिहिलेलं. ताईंनी यादी केली आणि साहेबांकडे नेली. साहेबांनी ताईंची तारीफ केली, यादी पुरावा म्हणून माझ्यात लावली, सातही फाईली माझ्या शेजारी ठेवल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. पेशंटचे फोन नंबर त्या फाईलींत आहेत. किल्ली साहेबांकडे आहे.

दर सोमवारी ताई दारात उभ्या राहतात. "साहेब, त्या सात जणांना बोलवायचं होतं."

"चौकशी चालू आहे, ताई. अहवाल येऊ द्या."

यादीतली सर्वांत जुनी चिठ्ठी दोनशे तीन दिवसांची आहे. सर्वांत लहान पेशंटचं वय नऊ वर्षं आहे. यादी माझ्यात लागली त्याला आज एकोणचाळीस दिवस झाले, आणि त्या सातांपैकी एकालाही अजून फोन गेलेला नाही.